बंबाची धर्ममाता

झोफ्काला मूलबाळ झालं नाही. पदरात पडला तो पोरगा सात टनांचा, लाल रंगाचा आणि ऑस्ट्रियात वापरून झालेला.

त्याचं असं झालं. आमच्या ड्रेनोव्हाच्या स्वयंसेवक अग्निशमन दलाने पाण्याच्या टाकीचा बंब घ्यायचं ठरवलं. ठरवायला काय लागतं, एक संध्याकाळ आणि थोडी वाइन. घ्यायला मात्र तीन उन्हाळे गेले. जत्रा भरवल्या, सोडतीची तिकिटं विकली, जंगलातली लाकडं तोडून विकली, तेव्हा कुठे तो आला. नवा बंब आला की पाद्री त्याच्यावर पवित्र पाणी शिंपडतो, आणि लेकराला नेमतात तसे त्याला धर्मपिता-धर्ममाता नेमतात. धर्मपिता व्हायला लाकूडगिरणीचा मालक एका पायावर तयार झाला, कारण पेपरात फोटो येणार होता. धर्ममाता म्हणून झोफ्काला उभं केलं. तिचा नवरा रूडी दलाचा ड्रायव्हर, आणि बंब येण्याच्या आधीच्याच हिवाळ्यात तो वारला होता. बाईला जरा बरं वाटेल, एवढाच लोकांचा विचार.

गिरणीवाल्याने फोटो काढून घेतला आणि पुन्हा बंबाकडे ढुंकून पाहिलं नाही. झोफ्काला पाद्र्याने विचारलं होतं, याची काळजी घेशील का. ती 'घेईन' म्हणाली होती, तेही सगळ्यांना ऐकू जाईल असं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बादली आणि फडकं घेऊन बंबघराच्या दारात उभी.

झोफ्काचा आणि आमचा शेजार एका भिंतीचा. त्यामुळे हे सगळं मी जवळून पाहिलं, आणि बऱ्याचदा बादलीचं दुसरं कडं माझ्या हातात होतं.

ईस्टरला धर्ममातेने पोराला भेट द्यायची असते. झोफ्का टोपलीत रंगवलेली अंडी, डुकराचं भाजलेलं मांस, किसलेला तिखट मुळा आणि वेणीसारखा गुंफलेला पाव घेऊन जायची आणि ड्रायव्हरच्या सीटवर ठेवायची. डिसेंबर आला की सुकवलेले नाशपती आणि अक्रोड. संध्याकाळपर्यंत टोपली रिकामी. "पोरगा स्वतः फारसं खात नाही," ती म्हणायची, "पण त्याचे मित्र मेले बकासुर आहेत."

लोक हसायचे. मग हळूहळू हसणं कमी झालं, कारण झोफ्काचे हात. तिने सारा जन्म बुटांच्या कारखान्यात चामडं शिवलं होतं. पाइपाला भोक पडलं की ती असं ठिगळ लावायची की पाणी शोधून दमेल. फायरमनच्या जॅकेटांच्या शिवणी, हेल्मेटचे पट्टे, दोरखंडांच्या गाठी, सगळं तिच्याकडे आलं. कोणी नेमलं नाही, कोणी विचारलं नाही. एका वर्षी मिरवणुकीत ती दलाच्या गणवेशात दिसली आणि आमच्या लक्षात आलं की हिला औजारांची राखणदार करून टाकलंय. गणवेश अर्थात तिनेच स्वतःच्या मापाचा करून घेतला होता.

तिचा नियम एकच. बंबात चढायचं तर बूट पुसून. बोयान आमच्या दलाचा प्रमुख, नळजोडणीचं काम करणारा, सहा फूट उंच माणूस. तोसुद्धा चढताना आधी मागे वळून पाहायचा, झोफ्का बघतेय का.

"मावशी, आग लागली तरी पुसायचे?"

"आग लागली तर लवकर पुसायचे."

भोंगाही तिच्याकडेच. महिन्याच्या पहिल्या शनिवारी बारा वाजता भोंग्याची चाचणी असते, आणि बंबघराच्या भिंतीवरचं ते काळं बटण झोफ्का दाबायची. तर या भोंग्याचं सांगायला हवं. चर्चची घंटा रोज बाराला वाजते, म्हणून ती कोणाला ऐकू येत नाही. भोंगा महिन्यातून एकदाच. आणि पहिल्या शनिवारी ड्रेनोव्हात घरोघर बैलाच्या मांसाचं सूप असतं. सकाळपासून मंद आचेवर ठेवायचं, शेवया हाताने कापून ताटात पसरून ठेवायच्या, आणि भोंगा वाजला की पातेल्यात सोडायच्या. शेवया शिजेपर्यंत पुरुष हात धुऊन टेबलाशी बसलेले. माझ्या सासूच्या वेळेपासून हे असंच चालत आलंय. महिन्यातून एकदा अख्ख्या गावाच्या शेवया एकाच क्षणी पातेल्यात पडतात. आगीचा भोंगा चाचणीपेक्षा लांब वाजतो हे शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे, पण हातात शेवयांचं ताट असताना कोण ऐकत बसतं.

मग एका ऑक्टोबरात तपासणी आली. तपासणी दरवर्षीच येते, पण त्या वर्षीची वेगळी होती. जिल्ह्याच्या संघाने ठरवलं होतं की आमच्या दरीत पाण्याचा बंब एकच पुरे. आमच्या खाली डोल गाव. आमच्याहून मोठं, आमच्याहून श्रीमंत, आणि तिथलं दल कित्येक वर्षं टाकीच्या बंबासाठी तोंड वासून बसलेलं. तपासणीत ड्रेनोव्हा कमी पडलं तर बंब डोलला जाणार. बोयानने हे सभेत सांगितलं तेव्हा कोणीच झोफ्काकडे पाहिलं नाही. ती मागच्या बाकावर एका जॅकेटचं बटण शिवत होती. दात लावून दोरा तोडला आणि म्हणाली, "डोलवाले त्याला बाहेर उघड्यावर ठेवतील. त्यांच्या बंबघराचं दार ठेंगणं आहे."

त्यानंतर ती नीट झोपली नसावी. तिच्या स्वयंपाकघरातला उजेड आमच्या अंगणात पडतो, म्हणून मला कळतं.

तपासणीच्या दिवशी तिघे आले. मुख्य होते क्रिझायसाहेब, केस पांढरे, चेहरा इस्त्री केलेला. एक लिहून घेणारा होता, त्याचं नाव कोणी विचारलं नाही. आणि तिसरा डोलच्या दलाचा विंको. आता याला तपासणीवर कोणी घेतलं देव जाणे. त्याच्या मिशा कंगव्याने विंचरलेल्या, आणि आल्या आल्या तो बंबाभोवती असा फिरला जसा गुरांच्या बाजारात कोणी वासराभोवती फिरतो. दात तेवढे तपासायचे राहिले.

"म्हातारा झालाय," विंको टायरवर टिचकी मारून म्हणाला.

"तुझ्याहून लहान आहे," झोफ्का म्हणाली.

तपासणी सुरू झाली. पाइप उलगडून पाहिले, जोडण्या पाहिल्या, शिडी ताणून पाहिली, श्वासाचे मुखवटे तोंडाला लावून पाहिले. पाइप वाळवायच्या मनोऱ्यात वरपर्यंत विजेरी मारली. पाइप तिथे असे लटकत होते जसे शिक्षा दिलेली पोरं रांगेत. बॅटऱ्या, दोर, कुऱ्हाडी. क्रिझायसाहेब एका कुऱ्हाडीच्या पात्यात स्वतःचा चेहरा पाहून दचकले.

"हे कोण ठेवतं?" त्यांनी विचारलं.

"ही आमची मावशी," बोयान म्हणाला.

"धर्ममाता," झोफ्काने दुरुस्ती केली.

तोवर सगळं ठीक होतं. आता उरलं होतं माणसांचं. क्रिझायसाहेबांनी समजावून सांगितलं की औजारं चांगली असणं ठीक आहे, पण भोंगा वाजल्यावर माणसं किती लवकर येतात ते खरं. मधेच कधीतरी भोंगा वाजवणार, कोणाला आधी सांगायचं नाही, फोन करायचा नाही, हाक मारायची नाही. दहा मिनिटांच्या आत ड्रायव्हर, पंप चालवणारा आणि चार जण घेऊन बंब फाटकाबाहेर पडला पाहिजे. मागच्या वर्षी आमचे लोक उशिरा आले होते, कारण तेव्हा तपासणी उन्हाळ्यात, ऐन गवत कापायच्या दिवसांत होती. या वेळी शनिवार निवडला होता, सगळे घरी. बोयान खुशीत होता.

इथे झोफ्काने घोळ घातला. तिला वाटलं, या माणसांना आधी जरा मऊ करावं. वरच्या खोलीत तिने टेबल मांडलं होतं. कॉफी, आलुबुखाराची ब्रँडी, आणि आदल्या दिवशी भाजलेली अक्रोडाची पोतित्सा, म्हणजे सारण पसरून गुंडाळलेला आमचा सणाचा गोड पाव. ती पोतित्सा, देवाशपथ, मी कापली म्हणून सांगते, आतला अक्रोडाचा थर भोवतीच्या पावापेक्षा जाड होता.

"साहेब, आधी दोन घास खा."

"बाई, आम्ही कामावर आहोत."

"मी तरी कुठे सुट्टीवर आहे. खा."

त्यांनी एक तुकडा खाल्ला. दुसरा झोफ्काने न विचारता वाढला. मग रूडीची गोष्ट निघाली, मग साहेबांच्या आईच्या पोतित्साची, तिच्यात म्हणे मनुका असायच्या, मग मनुका घालाव्यात की नाही यावर लिहिणाऱ्याने प्रथमच तोंड उघडलं आणि ते बराच वेळ मिटलं नाही. विंको काही बोलला नाही, कारण त्याच्या तोंडात चौथा तुकडा होता. झोफ्का मला कोपराने ढोसून म्हणाली, "बघ तिल्का, मऊ होतायत." होत होते. मग ते खाली ओढ्यावर पंप पाहायला गेले, आणि पंप एकदा सुरू झाला की कानाशी तोफ डागली तरी कळत नाही. चर्चची घंटा त्यातच केव्हातरी वाजून गेली असणार.

आणि तो महिन्याचा पहिला शनिवार होता. हे झोफ्काच्या डोक्यातून पार निसटलं होतं. माझ्याही. बोयानच्याही.

परत बंबघरात आलो तेव्हा क्रिझायसाहेबांनी मनगटावरचं घड्याळ काढून हातात घेतलं. "आता," ते म्हणाले, आणि स्वतः बटण दाबलं.

भोंगा वाजला. लांब, नीट, अगदी नियमाप्रमाणे. मी कानांवर हात ठेवून दारात उभी राहिले, सगळ्यात आधी कोण धावत येतो ते बघायला. मला वाटत होतं ड्रागो. तो आमचा ड्रायव्हर, समोरच्या गल्लीत राहतो, आणि पळताना त्याची पँट नेहमी घसरते.

कोणी आलं नाही.

रस्ता रिकामा. बेकरीपाशी एक मांजर उन्हात पडलं होतं, तेही उठलं नाही. घराघरांच्या स्वयंपाकघराच्या खिडक्यांवर वाफ साचलेली. बोयान फाटकाशी जाऊन आला, परत गेला, परत आला. त्याच्या कॉलरची कड ओली झाली होती.

"येतील," तो म्हणाला.

"येतील ना," विंको म्हणाला, मिशा चाचपत. "ख्रिसमस लांब नाही."

झोफ्का बंबाच्या मडगार्डवर हात ठेवून उभी होती. तिचा चेहरा मी रूडीच्या अंत्ययात्रेत पाहिला होता तसा झाला होता, आणि तो मला पुन्हा पाहायचा नव्हता.

तेवढ्यात समोर आमच्याच घराची खिडकी उघडली. माझी सून नादा, हातात मोठा चमचा, अर्धी बाहेर वाकून म्हणाली, "काय हो मावशी, आज भोंग्याला एवढा उशीर? सूप आटून निम्मं झालं. सोडल्या शेवया आता." आणि खिडकी लावून घेतली.

बोयानने कपाळावर हात मारला. मी खाली बसले, तिथे खुर्ची होती म्हणून बरं. अख्खं गाव भोंग्याची वाट बघत चुलीपाशी उभं होतं, आणि भोंगा वाजल्यावर प्रत्येकीने देवाचे आभार मानून शेवया पातेल्यात सोडल्या होत्या. दलातला एकेक मर्द या घटकेला छातीवर रुमाल बांधून चमचा हातात घेऊन बसला असणार.

"काय म्हणाली ती बाई?" क्रिझायसाहेबांनी विचारलं.

विंकोला कळलं होतं. डोलमध्येही शेवयाच खातात. पण तो म्हणाला, "काही नाही साहेब, स्वयंपाकाचं."

बोयान फाटकाकडे निघाला, हाक मारायलाच. विंकोने हात आडवा केला. "हाक नाही. नियम आहे."

"अरे पण त्यांना वाटलं की..."

"त्यांना काय वाटलं ते लिहायला कागदावर जागा नाही."

साहेब घड्याळाकडे बघत होते. लिहिणाऱ्याने पेनाचं टोपण काढलं. मग झोफ्का बंबापासून हलली. हात गणवेशाला पुसले, जणू पिठाचे होते, आणि साहेबांसमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, नियम म्हणजे नियम ना?"

"म्हणजे काय बाई."

"मग आज पहिला शनिवार. बाराची चाचणी माझ्याकडे असते. या पाहुणचारात राहून गेली. ती केली नाही तर तुम्हीच लिहाल की ड्रेनोव्हात भोंगा तपासत नाहीत."

साहेबांना हे पटायला हरकत नव्हती. ते नियमाचेच माणूस. "खरं आहे," ते म्हणाले. "करून घ्या."

विंकोने तोंड उघडलं, पण तोवर झोफ्काचं बोट बटणावर होतं.

महिन्यातून एकदा वाजणारा भोंगा लागोपाठ दोनदा वाजला. मी नंतर घरोघर विचारलं, सगळीकडे तेच घडलं. पहिला चमचा तोंडाशी, आणि माणसं थबकली. चाचणी तर झाली. मग हा कसला?

ड्रागो पहिला आला, पँट एका हाताने धरून, छातीवर रुमाल. त्याच्या मागे बेकरीवाला. मग शाळेचा व्यायाममास्तर मोज्यांवरच, मग पोस्टातला मिर्को, त्याच्या दाढीत शेवई. मग इतके आले की चार कशाला, चौदा झाले असते. "कुठे? कुठे लागली?" सगळे एकदम विचारत होते, आणि बोयान फक्त हात हलवत होता, चढा, चढा. कोणीही बूट पुसले नाहीत. मास्तराला तर बूटच नव्हते. बंब गुरगुरला आणि फाटकाबाहेर पडला, आणि त्याच्या मागोमाग गावातल्या बायका, हातात झारे, ॲप्रनवर तेल. आग बघायला नव्हत्या आल्या त्या. दोनदा भोंगा वाजवून शेवयांचा लगदा करणारा कोण, ते बघायला आल्या होत्या.

"हे चालणार नाही," विंको म्हणाला. "हे बोलावणं झालं. दुसऱ्या भोंग्याने बोलावून घेतलं त्यांना."

"चाचणी होती," बोयान म्हणाला. "साहेबांनी परवानगी दिली."

"तुमच्या बाईने साहेबांना बनवलं."

क्रिझायसाहेबांनी घड्याळ मनगटावर बांधलं, सावकाश. मग झोफ्काकडे वळले. "बाई, मला सांगा. तुम्ही चाचणी केली की त्यांना बोलावलं?"

आता बघा. 'चाचणी केली' एवढं म्हटलं असतं तर कोणाची छाती होती खोटं म्हणायची. बोयान तिच्याकडे असा बघत होता की त्याचे डोळेच सांगत होते, चाचणी म्हण. मी मनातल्या मनात म्हणत होते, चाचणी म्हण गं बये. झोफ्काने बंब गेला त्या रस्त्याकडे पाहिलं.

"बोलावलं," ती म्हणाली. "चाचणीच्या नावाखाली बोलावलं. पहिला भोंगा त्यांना बाराची चाचणी वाटला, तिच्यावर इथे घरोघर शेवया सोडतात, ती चूक माझी. मी बारा वाजता बटण दाबलं असतं तर तुमचा भोंगा सगळ्यांनी ओळखला असता. मी तुम्हाला पोतित्सा चारत बसले."

"बरी होती पोतित्सा," लिहिणारा म्हणाला. साहेबांनी त्याच्याकडे पाहिल्यावर तो वहीत बघू लागला.

नादाच्या झाऱ्यातून सूप ठिबकत होतं. साहेबांनी बराच विचार केला. त्यांचा चेहरा इस्त्रीचा असला तरी कुठेतरी एक चुणी पडली होती, मला दिसली.

"पहिला भोंगा मी धरत नाही," ते शेवटी म्हणाले, "कारण या गावाने तो ऐकून शेवया केल्या. दुसराही धरत नाही, कारण तो तुम्ही वाजवला. मी परत येईन. कधी ते सांगणार नाही. आणि मधल्या काळात याचं काहीतरी करा. पहिल्या शनिवारी बाराला खरंच आग लागली तर तुम्ही जेवत बसाल."

हे मात्र खरंच होतं, आणि आम्हाला कोणाला इतकी वर्षं सुचलं नव्हतं.

त्याच रात्री खानावळीत सभा भरली. चाचणीची वेळ बदलायची की शेवयांची, यावर एवढी भांडणं मी निवडणुकीतही ऐकली नाहीत. पुरुष म्हणाले चाचणी दहाला घ्या. बायका म्हणाल्या, मग शेवया कशावर टाकायच्या, तुमच्या डोक्यावर? शेवटी नादाने तोड काढली. चाचणीचा भोंगा तीन तुकड्यांत वाजवायचा, कोंबडा आरवतो तसा. सलग वाजला तर ती आग. शेवया कोंबड्यावर. मतदान झालं आणि झालं ते झालं, अजून तसंच आहे.

बंबाचं मात्र ठरलेलं नव्हतं. पुढचे आठवडे गावाचे कसे गेले सांगते. ड्रागो पँट घालून झोपायचा, वर पट्टाही आवळून. व्यायाममास्तराने बूट नाड्या सैल करून वर्गाच्या दारात ठेवले. बेकरीवाला अंघोळीला जाताना बायकोला बाहेर उभं करून जायचा, भोंग्यावर कान ठेवायला. आणि झोफ्का रोज बंब धुवायची. मी म्हणाले, "अगं रंग जाईल त्याचा." ती म्हणाली, "जायचाच असेल तर स्वच्छ जाऊ दे." त्या आठवड्यांत रात्री घरी बसूनही ती बंबाशी मोठ्याने बोलताना मला ऐकू यायची. मी भिंतीपलीकडून ऐकायचे आणि भांडी जोरात वाजवायचे, म्हणजे तिला वाटावं मी ऐकत नाही.

सर्व संतांच्या सणाच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी यास्नाकडे केस करायला गेलो. त्या सणाला सगळं गाव दफनभूमीत जमतं, कबरींवर मेणबत्त्या, फुलं, आणि एकमेकींच्या केसांची पाहणी. झोफ्काच्या डोक्यावर हिरवे-गुलाबी रोलर, गळ्यात यास्नाचा प्लास्टिकचा अंगरखा, आणि ती त्या गरम टोपीखाली बसलेली. माझे केस एका बाजूने कापून झाले होते.

भोंगा वाजला. सलग.

झोफ्काने टोपी अशी ढकलली की ती जाऊन आरशावर आपटली. आम्ही पळालो. म्हणजे ती पळाली, मी चालले, माझे गुडघे पळत नाहीत. यास्ना मागून ओरडत होती, अंगरखा माझा आहे. मी वळणापाशी पोचले तेव्हा झोफ्का बंबघराच्या दारात उभी होती आणि हलत नव्हती.

आत बंब नव्हता. नुसती काळी फरशी, आणि भिंतीशी क्रिझायसाहेब. बाहेर डोलच्या दलाची गाडी लावलेली. विंको कुठे दिसत नव्हता.

"नेला?" झोफ्का म्हणाली. आवाज इतका बारीक की मला आधी वाटलं दुसरंच कोणी बोललं.

"नेला," साहेब म्हणाले.

ती दाराच्या चौकटीला टेकली. एक रोलर सुटून केसांतून खाली घरंगळला. साहेबांनी तो वाकून उचलला, तिच्या हातात दिला, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की ही काय समजली आहे.

"बाई, तुमच्या ड्रायव्हरने नेला. माझा हात बटणावरून खाली यायच्या आत तो माणूस पट्टा आवळत दारात होता. मला घड्याळ काढायलाही वेळ मिळाला नाही. ओढ्यावर गेलेत सगळे. विंको बघायला गेलाय पाणी येतं का."

तेवढ्यात खालून पंपाचा आवाज आला, आणि त्याच्यावरून विंकोचा आवाज, जो बरंच काही बोलत होता. पाणी येत होतं. विंको त्याच्या समोर उभा होता एवढंच.

आम्ही ओढ्यावर गेलो. बंब उतारावर उभा, चाकं चिखलात, दिवे लागलेले. मास्तर तोटी धरून, बेकरीवाला त्याच्या पाठीला पाठ लावून, आणि पाण्याची धार ओढ्यापलीकडच्या झाडांच्याही वर. विंको मिशांतलं पाणी निथळत बाजूला उभा होता. बोयानने झोफ्काला पाहिलं, रोलर पाहिले, अंगरखा पाहिला, आणि दलाची सलामी ठोकली. कोणी हसलं नाही. म्हणजे लगेच नाही.

साहेबांनी तिथेच बंबाच्या मडगार्डवर कागद टेकवून सही केली. "बंब ड्रेनोव्हातच राहील," ते बोयानला म्हणाले, पण बघत झोफ्काकडे होते. विंकोने कागद वाचला, झोफ्काकडे पाहिलं आणि म्हणाला, "आमचं दार तसंही ठेंगणं आहे." त्याच्यात हा एक गुण आहे, हरला की माणसासारखा वागतो.

झोफ्काने बंबाभोवती एक फेरी मारली. चाकं पाहिली, दार उघडून आत वाकून पाहिलं, आणि बाहेर आली.

"ड्रागो," ती म्हणाली, "आत चिखल आहे."

"मावशी, भोंगा वाजला होता. आग लागल्यावर कोण बूट पुसतं?"

"आग कुठे होती?"

ड्रागोने क्रिझायसाहेबांकडे पाहिलं. साहेबांनी ओढ्याकडे पाहिलं. मग ड्रागो गवतावर बूट घासायला लागला, त्याच्या शेजारी मास्तर, आणि साहेब, सवयीने असेल किंवा कसंही, आपलेही बूट घासत उभे राहिले.

परत जाताना बोयानने झोफ्काला उचलून पुढच्या सीटवर बसवलं. बंब आमच्या मुख्य रस्त्यावरून हळूहळू गेला, आणि वरून ती, रोलर लावलेली, प्लास्टिकचा अंगरखा वाऱ्यावर उडतोय, खिडक्यांतून बघणाऱ्या बायकांना जरा मान हलवत होती. यास्ना दुकानाच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. झोफ्काने काच खाली केली.

"तिल्काचे अर्धे राहिलेत," ती ओरडली, "आधी ते कर. मला उशीर होईल, पोरगा धुवायचाय."